वस्ती स्वस्त आहे खरी, पण कशामुळे?

एका जोडप्यानं विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. दोघांचं उत्पन्न बेताचं. ती मातीची भांडी करते, तिला घरातच चाक आणि भट्टी हवी. तो घरून काम करतो. तयार, चकचकीत फ्लॅट परवडत नाही आणि फारसा आवडतही नाही. शहरातच एखादं जुनं, दुर्लक्षित घर घ्यायचं आणि हवं तसं घडवायचं, असं दोघांचं ठरलंय. त्यासाठी स्वस्त वस्ती कशी शोधायची? आणि हेरून ठेवलेल्या दोन वस्त्यांपैकी (एक बंद पडलेल्या कारखान्यांची, दुसरी जुन्या दुमजली घरांची) कुठली धरायची?

जुन्या घरांची दुरुस्ती आणि फेरबदल हेच माझं बरीच वर्षं काम आहे. "स्वस्त वस्ती कुठली?" असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, ती स्वस्त का आहे? प्रत्येक स्वस्त वस्तीमागे एक कारण असतं. ते कारण दूर होण्यासारखं आहे, की कधीच हटणारं नाही, की बाकीच्यांना खुपतं पण तुम्हाला चालण्यासारखं आहे, एवढं कळलं की निम्मं काम झालं. ते न शोधता नुसत्या दराकडे बघून घेतलेलं घर पुढे महागात पडतं.

न्यूयॉर्कमधल्या सोहो या वस्तीचं उदाहरण सगळेच देतात. कलाकार आले, वस्ती फळफळली, वगैरे. मधला भाग मात्र कुणी सांगत नाही. त्या भागातून एक मोठा द्रुतगती मार्ग काढायची योजना कितीतरी वर्षं कागदावर होती. उद्या पडणाऱ्या इमारतीत पैसा कोण घालणार? त्यात लहान कारखाने शहराबाहेर चाललेले. वरचे मजले ओस पडले आणि भाडी उतरली. 1960च्या दशकात चित्रकार आणि शिल्पकार तिथे शिरले ते उंच छत आणि मोठ्या खिडक्यांसाठी, पण तो भाग कारखान्यांसाठी राखीव असल्यामुळे तिथे राहणं बेकायदा होतं. 1969 मध्ये रस्त्याची योजना रद्द झाली, 1971 मध्ये कलाकारांना तिथे राहायला रीतसर मुभा मिळाली, 1973 मध्ये तो वारसा भाग ठरला आणि अशा इमारतींतल्या भाडेकरूंना संरक्षण देणारा कायदा आला थेट 1982 मध्ये. म्हणजे ती वस्ती एका कागदामुळे स्वस्त झाली होती. तो कागद फाटला तेव्हा तिचं नशीब उघडलं. फायदा झाला तो मात्र ज्यांच्या नावावर जागा होती त्यांचा. बरेचसे कलाकार भाडेकरूच होते.

यातून तुमच्यासाठी पहिलं काम निघतं. नगररचना विभागात जा आणि त्या वस्तीचा मंजूर आराखडा बघा. रस्तारुंदीची रेघ तुमच्या गल्लीतून जाते का, कुठलं आरक्षण आहे का, जमिनीचा मंजूर वापर राहण्यासाठी आहे की उद्योगासाठी. रेघ असेल तर लगेच पळून जाऊ नका. तिच्यासाठी पैसा मंजूर आहे का, भूसंपादनाची नोटीस निघाली आहे का, ते विचारा. पंचवीस वर्षं हललेली नाही अशी रेघ आणि गेल्या वर्षी निविदा निघालेली रेघ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एजंट दोन्हींबद्दल एकच वाक्य बोलतो, "काही होत नाही हो."

दुसऱ्या जातीची स्वस्ताई म्हणजे माणसंच निघून गेलेलं शहर. अमेरिकेतल्या डेट्रॉइटची लोकसंख्या 1950 मध्ये साडेअठरा लाख होती, 2020 मध्ये ती सहा लाख चाळीस हजारांच्या आसपास आली. हजारो घरं रिकामी पडली आणि ती विकण्यासाठी 'लँड बँक' नावाची सरकारी संस्था उभी राहिली. घर जवळजवळ फुकट मिळतं हे ऐकून दूरदूरचे लोक धावले. अडचण अशी की छप्पर, नळ, वायरिंग, भिंती सगळं नव्यानं करायला जेवढा खर्च येतो तेवढी किंमत कित्येक गल्ल्यांत तयार घरालाही येत नाही. बँक कर्ज देते ते घराच्या किमतीवर, तुमच्या खर्चावर नव्हे. मधली दरी स्वतःच्या खिशातून भरावी लागते.

म्हणून एक हिशेब कागदावर करायचाच. ज्या गल्लीत घर बघताय त्याच गल्लीत, फार तर शेजारच्या गल्लीत, पूर्ण दुरुस्त झालेलं आणि गेल्या वर्षभरात खरोखर विकलं गेलेलं घर शोधा. जाहिरातीतला आकडा धरू नका, नोंदणीतला धरा. त्यातून दुरुस्तीचा अंदाज वजा करा, मुद्रांक आणि फी वजा करा, काम चालू असताना दुसरीकडे भरावं लागणारं भाडं वजा करा आणि वर दुरुस्तीच्या वीस टक्के रक्कम अनपेक्षित गोष्टींसाठी काढून ठेवा. जुन्या घराच्या भिंतीत काय दडलंय ते गिलावा फोडल्याशिवाय कळत नाही. उरलेला आकडा म्हणजे तुमची खरेदीची कमाल मर्यादा. घरं घेऊन, नटवून, लगेच विकणारे अमेरिकेतले व्यावसायिक एक ठोकताळा वापरतात: तयार घराच्या किमतीच्या सत्तर टक्क्यांतून दुरुस्ती वजा केली की उरेल त्याहून जास्त द्यायचं नाही. तुम्हाला एवढं कडक राहायची गरज नाही, कारण तुम्ही तिथे राहणार आहात. पण खरेदी आणि दुरुस्ती मिळून तयार घराच्या वर जात असेल तर ती हौस आहे, परवडणारं घर नव्हे. हौस करायला हरकत नाही, ती हौस आहे हे माहीत असलं म्हणजे झालं.

काही शहरांनी ही दरी स्वतः बुजवायचा प्रयत्न केला. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरानं 1970च्या दशकात पडीक घरं एका डॉलरला दिली. ऑटरबाइन नावाच्या वस्तीतली शंभराहून अधिक घरं 1975 मध्ये सोडतीनं वाटली गेली. ती योजना चालली ती डॉलरमुळे नव्हे. शहरानं दुरुस्तीसाठी स्वस्त कर्ज दिलं आणि एका वस्तीतली बरीच घरं एकाच वेळी कामाला लागली, म्हणून चालली. एकट्यानं पडीक गल्लीत घर सजवणं आणि तीसजणांनी मिळून गल्ली उभी करणं यांचा निकाल वेगळा लागतो. लिव्हरपूलनं 2013 मध्ये एका पौंडाला घरं काढली, ती दुरुस्त करायची, पाच वर्षं स्वतः राहायचं, भाड्यानं द्यायची नाहीत, अशा अटींवर. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या स्पांगेन भागात पालिकेनं एक अख्खी मोडकळीला आलेली इमारत राहायला येणाऱ्यांच्या गटाला दुरुस्तीच्या अटीवर फुकट दिली. तुमच्या शहरात असं काही निघालं तर किमतीचा आकडा शेवटी वाचा आणि मुदती, राहण्याची अट, विक्रीवरची बंदी आधी वाचा. मुदतीत काम झालं नाही तर घर परत जातं, आणि त्यात घातलेले पैसेही.

नियमामुळे आलेली स्वस्ताई ही तिसरी जात, आणि तुमच्यासारख्यांसाठी सगळ्यात रसाळ. जपानमध्ये 2023च्या गणनेत नव्वद लाख रिकामी घरं निघाली, एकूण घरांच्या 13.8 टक्के. त्यांतली शहरी भागातली काही घरं विशेष स्वस्त असतात, कारण तिथल्या कायद्याप्रमाणे किमान चार मीटर रुंद रस्त्याला भूखंडाची किमान दोन मीटर बाजू भिडलेली लागते. तेवढी भिडत नसेल तर जुनं घर पाडून नवं बांधता येत नाही. बिल्डरला अशी जागा नको असते, बँकही हात आखडते. पण जो पाडणारच नाही, आतून घडवणार आहे, त्याचं यात काय अडतं? तरीही दोन गोष्टी तपासाव्या लागतात. एक म्हणजे घराचं वय. तिथले भूकंपरोधक बांधकामाचे कडक नियम जून 1981 पासून लागू झाले, त्यामुळे आधीच्या घराला बळकटी द्यायचा खर्च धरावाच लागतो. दुसरी म्हणजे नियमांची दिशा. एप्रिल 2025 पासून तिथे दुमजली लाकडी घरांच्या मोठ्या फेरबदलालाही परवानगी लागते, म्हणजे कालपर्यंतची पळवाट अरुंद झाली. देश कुठलाही असो, बिल्डरला निरुपयोगी आणि राहणाऱ्याला उपयोगी अशा जागा असतातच: बोळातलं घर, अरुंद भूखंड, वाहन न पोचणारी गल्ली, वाढीव मजला न मिळणारी इमारत. दर पाडणारी ही गोष्ट तुम्हाला रोजच्या जगण्यात खुपत नसेल तर ती तुमच्याच बाजूची आहे. (वाहन पोचत नसेल तर डेब्रिज आणि वाळू डोक्यावरून वाहावी लागते, मजुरी वाढते. एस्टिमेटमध्ये ते सांगून घ्या.)

पुराची किंवा खचणाऱ्या जमिनीची स्वस्ताई मात्र घेऊ नका. यात माझं मत अजिबात लवचिक नाही. भिंत सुधारते, नदी सुधारत नाही.

आता पायी फिरण्याबद्दल. नकाशावर वस्ती कळत नाही. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी जा, रात्री दहानंतर जा आणि जोराचा पाऊस पडून गेल्यावर लगेच जा. लिव्हरपूलमधल्याच ग्रॅन्बी भागातल्या चार गल्ल्यांची गोष्ट इथे ध्यानात ठेवण्यासारखी आहे. घरांना फळ्या ठोकलेल्या, पाडापाडीचे प्रस्ताव येत-जात होते. उरलेल्या रहिवाशांनी रस्त्यात कुंड्या मांडल्या, फळ्यांवर रंगकाम केलं, महिन्याचा बाजार भरवला आणि 2011 मध्ये जमिनीसाठी स्वतःचा ट्रस्ट केला. असेम्बल नावाचा तरुण वास्तुरचनाकारांचा गट त्यानंतर आला, आणि त्याला ब्रिटनमधलं कलेचं 2015 चं टर्नर पारितोषिक मिळालं तेव्हा जगाला त्या गल्ल्या दिसल्या. बातमी पारितोषिकाची झाली. पण घर शोधणाऱ्याला कुंड्या दिसायला हव्या होत्या, चार-पाच वर्षं आधी.

अशाच खुणा मी शोधतो. जुन्या घराला नवी खिडकी बसलेली, दाराशी डेब्रिजच्या गोण्या, परांचीचे बांबू, ताजी पाणीरोधक प्रक्रिया झालेली गच्ची. मग विचारतो, हे काम राहणारा करतोय की लांबचा गुंतवणूकदार? राहणारे करत असतील तर वस्ती टिकेल. सगळी खरेदी गुंतवणूकदारांचीच असेल तर तुम्हाला उशीर झालाय. सुतार, वेल्डर, काच कापणारा, हार्डवेअरचं दुकान हाकेच्या अंतरावर असेल तर तो मला कॉफीच्या दुकानाहून मोठा शुभशकुन वाटतो. कॉफीचं दुकान आलं म्हणजे भाव आधीच चढलेले असतात. महागड्या वस्तीला लागून असलेली स्वस्त वस्ती पुढे वर येते, हे खरं. पण मध्ये रेल्वेमार्ग किंवा सहापदरी रस्ता असेल तर ती लागून नाहीच. पायी ओलांडून बघा.

आणखी एक युक्ती, जी मला फार उपयोगी पडली आहे. जुन्या वस्त्यांत बऱ्याचदा अख्खी गल्ली एकाच बांधणाऱ्यानं, एकाच सुमारास, एकाच नकाशावर उभारलेली असते. अशा गल्लीत शेजाऱ्याच्या घराला पाच मिनिटं भेट मिळाली तर तुमच्या घराचा एक्स-रे निघतो. त्यानं मधली भिंत काढली असेल तर वर काय टाकलं ते दिसतं. ओल कुठल्या कोपऱ्यात येते, ड्रेनेज कुठे तुंबतं, जिन्याखाली काय सापडलं, हे तो कौतुकानं सांगतो. एका घराचा दोष तो बहुधा सगळ्यांचा दोष. अशा गल्लीत घर घेणाऱ्याला आश्चर्यं कमी भेटतात.

तुमच्या मनातले फेरबदल वस्तीपेक्षा इमारतीच्या जातीवर अवलंबून आहेत, आणि वस्ती निवडताना तुम्ही नकळत तीही निवडत असता. खांब-तुळयांचा सांगाडा असेल तर आतल्या भिंती बहुधा नुसत्या पडद्या असतात, त्या हलवता येतात. विटांच्या किंवा दगडांच्या भार पेलणाऱ्या भिंती असतील तर भिंतीत मोठी मोकळी जागा काढायची तर तुळई आणि इंजिनिअर लागतो; खर्च येतो, पण होतं. मोठ्या तयार काँक्रीट पॅनेलांच्या इमारतीत जवळजवळ प्रत्येक भिंत भार घेते, तिथे मोकळ्या हॉलचं स्वप्न सोडून द्या. लाकडी पाटण असेल तर वाशांची दिशा बघा. वासे ज्या भिंतींवर आडवे टेकतात त्या भिंती भार घेतात. मजल्याची उंची टेपनं मोजा. पोटमाळा घालून वर-खाली दोन्हीकडे माणूस ताठ उभा राहायचा असेल तर साडेचार मीटर तरी हवेत. दोन बाजूंनी उजेड येणारं छोटं घर एका बाजूनं उजेड येणाऱ्या मोठ्या घरापेक्षा नेहमी चांगलं.

वारशाच्या यादीतल्या घराला लोक उगाच भितात किंवा उगाच भाळतात. नियम जागोजागी फार वेगळे आहेत. इंग्लंडमध्ये यादीतल्या घराचा आतला जिना बदलायलाही संमती लागू शकते. अमेरिकेत राष्ट्रीय नोंदवहीत नाव असलं म्हणून खाजगी मालकावर त्यामुळे बंधन येत नाही, बंधन येतं ते स्थानिक वारसा भागाच्या नियमांनी. तुमच्याकडे नेमकं काय संरक्षित आहे, दर्शनी भाग, छप्पर की आतलंही, ते लेखी घ्या. आतून मोकळीक आणि बाहेरून बंधन असेल तर सौदा चांगला, कारण तेच बंधन समोर उंच टॉवर उभा राहू देत नाही.

घर बघायला गेलात की आधी पायाशी वाका. जमिनीपासून मीटरभराचाच पट्टा ताजा रंगवलेला असेल, किंवा तेवढ्याच उंचीवर फळ्या किंवा टाइल्स मारल्या असतील, तर मालक जमिनीतून चढणारी ओल झाकतोय. नखानं खरवडा, पांढरी क्षाराची भुकटी आली तर खात्री झाली. चुन्यात बांधलेल्या जुन्या भिंतीवर वरून सिमेंटचा गिलावा मारलेला असेल तर पाणी आतच कोंडतं आणि वीट पोखरते. तो काढून पुन्हा चुन्याचा गिलावा करायचा खर्च धरा. केसासारख्या बारीक भेगांना घाबरू नका. विटांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी तिरपी चढणारी, पाच मिलिमीटरहून रुंद, एका टोकाला जास्त फाकलेली भेग मात्र पाया हलल्याची शंका देते. ती बघितल्यावर किमतीची बोलणी थांबवा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. ड्रेनेजमध्ये कॅमेरा घालून बघता येतो. त्याची फी मला कधीच वाया गेलेली वाटली नाही. जुन्या छपरात, पाइपांच्या वेष्टनात, फरशीच्या थरात ॲस्बेस्टॉस असू शकतं. ब्रिटनमध्येसुद्धा त्यावर पूर्ण बंदी 1999 मध्येच आली. तपासल्याशिवाय ड्रिल लावू नका. जुन्या तैलरंगात शिसं असतं, तो कोरडा घासायचा नाही.

कर्जाचं थोडक्यात सांगतो. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर चालू स्थितीत नसेल तर बऱ्याच बँका घराला राहण्यायोग्य मानत नाहीत आणि साधं गृहकर्ज अडतं. खरेदी आणि दुरुस्ती एकत्र धरणारं कर्ज तुमच्याकडे मिळतं का ते घर शोधण्याआधी विचारा. घर बराच काळ रिकामं असेल तर करसवलतही बघा. ब्रिटनमध्ये दोन वर्षं रिकाम्या असलेल्या घराच्या दुरुस्तीवर कमी दरानं, पाच टक्के, व्हॅट लागतो. असे नियम शोधणाऱ्यालाच सापडतात.

एक अप्रिय गोष्टही सांगायला हवी. 1964 मध्ये रूथ ग्लास या समाजशास्त्रज्ञ बाईंनी लंडनच्या कष्टकरी वस्त्यांत मध्यमवर्ग शिरतो आणि जुने रहिवासी बाहेर पडतात, या प्रक्रियेला 'जेंट्रिफिकेशन' हे नाव दिलं, ते आज जगभर वापरलं जातं. तुम्हीही त्याच वाटेवर आहात. रिकामं घर घेतलंत तर कुणाला बाहेर काढावं लागत नाही. भाडेकरू असलेलं घर "रिकामं करून देतो" म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. त्यात माणुसकीचा प्रश्न आहेच, शिवाय असं प्रकरण कोर्टात गेलं की घर वर्षानुवर्षं अडकतं.

आता तुमच्या दोन वस्त्या. कारखान्यांची वस्ती मला मोहात पाडते. उंच छत, मोठ्या खिडक्या, जड वजन पेलणारी जमीन, आणि भट्टीला लागणारा वीजपुरवठा बहुधा आधीच आहे. छोटी विजेची भट्टी घरगुती जोडणीवर चालते, पण मध्यम आकाराची भट्टी दहा-बारा किलोवॅट सहज मागते आणि थ्री-फेज लागतो. तरी तिथे दोन गाठी आहेत. जमीन उद्योगासाठी राखीव असेल तर राहणं बेकायदा, आणि वापर बदलून घेणं एकट्या घरमालकाच्या आवाक्यातलं काम नाही. आणि आधी तिथे काय चालायचं? धातूवर मुलामा चढवणं, कातडी कमावणं, कपड्यांची ड्रायक्लीनिंग, पेट्रोल साठवण यांपैकी काही असेल तर माती आणि भूजल तपासल्याशिवाय एक पैसाही देऊ नका. ड्रायक्लीनिंगच्या द्रावणाची वाफ जमिनीतून वर येऊन घरात साठते.

दुमजली घरांच्या वस्तीत छत कमी उंच मिळेल, पण राहायचा हक्क पक्का, शेजार जागता आणि काम टप्प्याटप्प्यानं करता येतं: आधी छप्पर आणि ड्रेनेज, मग वायरिंग, मग एक खोली राहण्याजोगी, बाकी पुढच्या वर्षी. मी तुमच्या जागी असतो तर हीच धरली असती, आणि कोपऱ्याचं घर शोधलं असतं. त्याला तीन बाजूंनी उजेड मिळतो, भट्टीची धूरनळी शेजाऱ्याच्या खिडकीपासून लांब ठेवता येते, आणि रस्त्याचा आवाज जास्त म्हणून ते बहुधा गल्लीतल्या बाकी घरांहून स्वस्त असतं. जर्मनीत लाइपत्सिगमध्ये 2004 मध्ये स्थापन झालेल्या एका संस्थेनं रिकाम्या जुन्या इमारती कलाकारांना राखणीच्या बदल्यात वापरायला दिल्या. त्यांतल्या बऱ्याच इमारती अशाच वर्दळीच्या रस्त्यांवरच्या आणि कोपऱ्यांवरच्या, कारण दुसऱ्या कुणाला त्या नको होत्या. चाक फिरवणाऱ्या बाईंना वाहनांचा आवाज चालेल. फक्त घरून काम करणाऱ्याची खोली मागच्या बाजूला काढा, आणि सौद्याआधी वीज कंपनीकडून त्या पत्त्यावर थ्री-फेज जोडणी मिळते का याचं उत्तर लेखी घ्या.